घरमालकीणबाईंच्या गाडीचं दार

'सगळं ठीक होईल' हे तीन शब्द आमच्या घरमालकीणबाईंसमोर उच्चारून सहीसलामत सुटलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. कोल्हापुरात मी सात-आठ वर्षं त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नुकताच लागलो होतो. खोली बघायला गेलो त्या दिवशी खोली दाखवण्याआधी त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि खोलीचे दोष सांगितले. "उन्हाळ्यात वरचा पत्रा तापतो, अकरा ते चार आत बसवणार नाही. पाणी पहाटे येतं, तेही तासभरच. शेजारचं कुत्रं भुंकतं, त्याला औषध नाही. मी मोठ्यानं बोलते, त्यालाही नाही." दुसरा कोणी असता तर चहा न घेता निघून गेला असता. मी राहिलो. पुढच्या सात-आठ वर्षांत हे सगळे दोष सांगितल्याबरहुकूम निघाले, पण न सांगितलेला असा एकही निघाला नाही.

बाई सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. माहेर सीमेकडचं, व्यापारातल्या लिंगायत घराचं. त्यामुळे बोलण्यात मराठी आणि रागात कन्नड. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं कोणी विचारलंच तर "ड्यूटी होती" एवढंच सांगत. दवाखान्यात त्यांची ख्याती अशी, की मोठे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या खांद्यावर थोपटून "काही होत नाही आजोबा" म्हणून गेले, की त्यांच्या पाठोपाठ बाई यायच्या, स्टूल ओढून बसायच्या आणि काय काय होतं ते सगळं क्रमवार सांगायच्या. कुठे दुखेल, किती दुखेल, कधी ओकारी येईल, कितव्या दिवशी रडू येईल. इंजेक्शन देताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "विंचू चावल्यासारखं वाटेल, पण मिनिटभरच," असं म्हणून "ओंदु, एरडु" मोजायला लागायच्या आणि 'मूरु', म्हणजे तीन, ऐकू येण्याआधी सुई बाहेर आलेली असायची. गंमत म्हणजे त्यांनी सगळं सांगून टाकलं की पेशंट शांत झोपत. नातेवाईक मात्र जागे राहत.

निवृत्तीनंतरही त्यांची ड्यूटी संपली नव्हती. गावात आणि गावाबाहेर अंथरुणाला खिळलेली चार-पाच माणसं होती, त्यांची मलमपट्टी करायला बाई जात. त्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर रंकाळ्याच्याही पलीकडे, एका वाडीत राहत. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि दर दिवसाआड ड्रेसिंग करावं लागे. या फेऱ्यांसाठी बाईंची गाडी होती. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली, सायीच्या रंगाची, गोलमटोल, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती घेतली आणि दवाखान्याच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून चालवायला शिकल्या. त्याने त्यांना पुढे जाणं शिकवलं, वळणं शिकवलं, चढावर थांबून पुन्हा निघणं शिकवलं, आणि रिव्हर्स शिकवायच्या आदल्या आठवड्यात त्याची बदली गगनबावड्याला झाली. उरलेलं दुसऱ्या कोणाकडून शिकणं बाईंना पटलं नाही. "अर्धं ऑपरेशन एकानं आणि अर्धं दुसऱ्यानं, असं करत नसतात," त्या म्हणायच्या.

त्यामुळे आठेक वर्षं बाई फक्त पुढे जात होत्या. लग्नाचं आमंत्रण द्यायला कोणी आलं की मुलगी कोणाची, मुलगा काय करतो हे न विचारता त्या विचारायच्या, "कार्यालयाला दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायला वाट आहे का?" नसली तर रिक्षाने जायच्या. एकदा अंदाज चुकून त्या एका बोळात शिरल्या. बोळ पुढे एका परड्यात संपत होता. तेव्हा बोळातल्या लोकांनी जेवणं टाकून येऊन गाडी मागे ढकलत बाहेर काढली. आत बसून बाई सगळ्यांना "कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका, पाठ धरेल" असं सांगत होत्या. घरी तर त्यांनी कायमचाच बंदोबस्त केला होता. अंगणाच्या दुसऱ्या अंगाची भिंत फोडून तिथे आणखी एक फाटक बसवलं होतं. एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. आमच्या गल्लीत दोन फाटकं असलेलं तेवढंच घर होतं आणि नवख्या माणसाला वाटायचं की बाई फार मोठ्या असामी असाव्यात.

एके दिवशी सकाळी त्या दुसऱ्या फाटकासमोर शेजाऱ्यांनी बांधकामाची वाळू ओतून ठेवली. शेजारी गावी गेलेले. पोस्टमास्तरांच्या ड्रेसिंगचा दिवस. मी वर गॅलरीत दात घासत उभा होतो. बाईंनी वाळूकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, गाडीत बसल्या आणि ओरडल्या, "इंजिनिअर, मागं रस्त्यावर कोणी नाही ना, बघा!" मी पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी उजवीकडचं दार सताड उघडलं, अर्धं अंग बाहेर काढलं, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि मागच्या चाकाकडे बघत गाडी पहिल्या फाटकातून मागे घ्यायला सुरुवात केली. त्या चाकाकडे बघत होत्या, मी रस्त्याकडे बघत होतो. उघड्या दाराकडे आणि फाटकाच्या दगडी खांबाकडे कोणीच बघत नव्हतं. बाई खांबापासून वीतभर अंतरावर असताना अंग आत घेऊन सरळ बसल्या हे त्यांचं आणि माझं नशीब. दार मात्र खांबाला अडलं, पत्र्याचा डबा पायाखाली चिरडावा तसा आवाज झाला, आणि ते उलटं वळून पुढच्या मडगार्डला जाऊन टेकलं.

बाईंनी ब्रेक लावला, खाली उतरल्या, दाराभोवती एक फेरी मारली. "मोडलं," त्या म्हणाल्या. "कोणाला लागलेलं नाही. तुम्ही चूळ भरून घ्या." आणि ड्रेसिंगची पिशवी घेऊन रिक्षा बघायला गेल्या.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा दार जागेवर ओढून त्याला गाडीच्या खांबासकट क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं. इतकं नेटकं, की शेवटचं टोक दुमडून सेफ्टीपिनसुद्धा लावली होती. "उद्या तुमची सुट्टी आहे," बाई म्हणाल्या. "गॅरेजला बरोबर या. तुम्ही लोखंडात काम करता." मी त्यांना सांगितलं की मी ओतकाम करतो, दारांतलं मला काही कळत नाही. "दार लोखंडाचंच असतं," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

सकाळी गल्लीतल्या पोरांनी गाडी मागे ढकलत रस्त्यावर काढून दिली. बॉडीकाम करणारे मिस्त्री पन्नाशीचे, किडकिडीत आणि पानाने तोंड रंगलेले होते. त्यांनी बँडेज बघितलं, आम्हाला बघितलं आणि हसू गिळलं. "कायबी काळजी करू नका, बाई. एकदम नव्यागत करून देतो. कळनार सुदीक न्हाय."

मी मनात म्हटलं, झालं.

"स्टूल आहे का?" बाईंनी विचारलं. स्टूल आलं. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. "आता पहिल्यापासून सांगा. हेच दार सरळ होईल का?"

"ठोकून काडतो की."

"ठोकल्यावर पुढं काय होईल?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याच्या छपराकडे बघितलं. "आता तसं बगायला गेलं तर बिजागरीची जागा फाटलीया. आज बसंल, पर सा म्हैन्यांत पुन्ना लोंबायला लागंल."

"म्हणजे बदलायचं. नवं मिळतं?"

"ह्या गाडीचं नवं आता कुटलं वो! भंगारात बगावं लागतंय. शिरोलीकडं पडल्यात दोन गाड्या."

"रंग?"

"मिळंल त्यो. मग त्यावर आपला मारायचा."

"आपल्या गाडीसारखा होईल?"

"व्हय की! डिट्टो."

"नक्की?"

मिस्त्रींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "न्हाय," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या गाडीचा रंग उनानं उडालाय. नवा कितीबी जुळवून मारला तरी त्यो नवाच दिसनार. म्हाताऱ्या तोंडात एकच नवा दात बसवल्यागत."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "पुढं."

आणि मग मिस्त्री बोलत गेले. एकदा खरं बोलायची वाट मोकळी झाल्यावर माणूस थांबत नाही. दुसऱ्या गाडीचं दार म्हणजे कुलूपही दुसरं, तेव्हा इथून पुढे किल्ल्या दोन सांभाळायच्या. काच जुन्या दारातली काढून घालता येईल, पण वर-खाली करताना घट्ट जाईल. दाराभोवतीचं रबर नवं, ते बसेपर्यंत एक पावसाळा जाईल, तोवर जोराची सर आली की चालवणाऱ्याचा उजवा खांदा भिजणार. दार लावताना नुसतं ओढून चालणार नाही, किंचित वर उचलून ढकलावं लागेल. दोन-तीनदा आणून बिजागऱ्या कमी-जास्त करून घ्याव्या लागतील. गाडी जोरात गेली की फटीतून वारा शिट्टी घालेल. आणि गाडीच्या ज्या खांबाला दार अडकतं तो खांबच आत दबलाय, तो आधी ओढून सरळ केल्याशिवाय कुठलंही दार बसायचं नाही.

"दिवस किती?"

"चार." बाई नुसत्या बघत राहिल्या. "पंधरा," मिस्त्री म्हणाले. "पंधरा धरा, बाई."

"आणखी काही राहिलं?"

"आता मला पानी प्यायचंय, येवडंच ऱ्हायलंय."

बाई उठल्या. "छान सांगितलंत. करा आता." त्या गाडीतलं सामान काढायला गेल्या तेव्हा मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "पावणं, ह्या बाई वकील हायत काय?" मी म्हटलं, "मेट्रन होत्या." "तरीच," ते म्हणाले. "बसल्या जागी समदं काडून घेतलं की माज्याकडनं."

दुसऱ्या दिवशी बाईंचा पुतण्या गारगोटीहून आला. त्याचं तिथे पेंडीचं दुकान होतं. माणूस अतिशय सरळ, आत्यावर जीव असलेला. त्यांच्या घरी आत्याला 'अत्ती' म्हणतात. त्याने आधी फाटकाचा खांब पाहिला, मग खांबावर उमटलेला सायीच्या रंगाचा ओरखडा हाताने पुसून पाहिला आणि मग पायरीवर बसून म्हणाला, "अत्ती, आता बास की. गाडी काढून टाकू. खोली तयार केलीया तुमच्यासाठी, खिडकी रस्त्याकडं. ह्या दाराच्या जागी तुम्ही असता तर मी काय करायचं हुतं?"

बाई नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलतील असं मला वाटलं.  "दार बसू दे," त्या हळू म्हणाल्या. "मग सांगते." तो दुपारच्या एसटीने परत गेला. जाताना मला म्हणाला, "तुमी तरी सांगा वो त्यांना जरा."

त्या संध्याकाळी मी जिन्याने वर जात होतो तर बाई तिथेच पायरीवर बसलेल्या. "इंजिनिअर," त्यांनी हाक मारली. "मी आता गाडी चालवू नये असं तुम्हाला वाटतं का?" तसं काही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या नजरेसमोर ते म्हणता येईना. मी म्हटलं, "पुढं चालवायला काही हरकत नाही. मागं नको."  "बरोबर," त्या म्हणाल्या.

ते पंधरा दिवस त्या रिक्षा आणि एसटीने फिरल्या. वाडीला एसटी सकाळी एकदाच जायची आणि संध्याकाळी एकदाच यायची. त्यामुळे अर्ध्या तासाच्या ड्रेसिंगसाठी त्यांचा दिवस जायचा. बाकीच्या पेशंटांचे खाडे पडायला लागले. बाई थकलेल्या दिसायला लागल्या, आणि पुतण्या म्हणतो ते खरं आहे का, हा विचार मला पहिल्यांदा शिवला.

भंगाराच्या यार्डात दार निवडायला आम्ही तिघे गेलो होतो. बाई नऊवारी सावरत, हातात छत्री धरून गंजक्या पत्र्यांच्या ढिगातून अशा चालत होत्या, जणू वॉर्डाची फेरी आहे. एक दार निळं होतं, एक हिरवं. मिस्त्रींना निळं पसंत होतं. बाईंनी दोन्ही दारांच्या खालच्या कडेवर बोटांनी टकटक करून कान लावला, छाती तपासतात तसा. "निळ्याच्या पोटात गंज आहे," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी खिळ्याने टोचून पाहिलं तर खिळा आरपार गेला. त्या दिवसापासून मिस्त्रींनी बाईंना न विचारता एकही स्क्रू पिळला नाही.

दार पंधराऐवजी सतराव्या दिवशी बसलं. हवा दमट होती, रंग वाळला नाही. "हे सांगायचं ऱ्हायलं," असं म्हणून मिस्त्रींनी स्वतःच कान धरला. बाकी सगळं बोलल्याप्रमाणे झालं होतं. रंग नव्या दातासारखा, किल्ल्या दोन, उचलून ढकलल्याशिवाय दार लागत नव्हतं. बाईंनी दहा वेळा उघडझाप केली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी किल्ली दिली नाही.

"बाई, रागावू नका. रिव्हर्स शिकल्याबिगर गाडी सोडत न्हाय. एवडं मरमर करून दार बसवलंय, पुन्ना त्याच खांबाला न्हेऊन घालनार तुमी."

गॅरेजमध्ये सगळ्यांचे हातोडे थांबले. बाईंना असं अडवणारं माणूस मी तरी तोवर पाहिलं नव्हतं.  बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "शिकताना काय काय होतं, सांगा."

मिस्त्रींनी एका दमात सांगून टाकलं. "पयल्या दिशी मान धरंल. दुसऱ्या दिशी उजवं-डावं उलटं व्हईल आनि तुमी माज्यावर वरडाल. तिसऱ्या दिशी कशाला तरी धडकाल. चौथ्या दिशी येईल. दार मातर बंद ठेवायचं, आरशात बगायचं, न्हायतर मान वळवायची. दार उगडलं की शाळा बंद."

गॅरेजमागच्या माळावर चार दुपारी हा वर्ग भरला. मान धरली. ओरडून झालं, तेही कन्नडमध्ये. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचं रिकामं पिंप आडवं केलं आणि गॅरेजमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी त्या दोन उभ्या ट्रकांच्या मधून मागे-मागे येत गॅरेजच्या दारात थांबल्या. उतरून त्यांनी हात पुढे केला. मिस्त्रींनी किल्ली दोन्ही हातांनी दिली.

रविवारी पुतण्या पुन्हा आला. वाळू अजून तशीच होती. बाईंनी त्याला फाटकाबाहेर उभं केलं, गाडीत बसल्या, दार उचलून लावलं आणि गाडी मागे घेतली. पुतण्या छातीला हात लावून दगडी खांबाकडे बघत होता. गाडी खांबापासून हातभर अंतर ठेवून बाहेर आली, रस्त्यावर वळली आणि थांबली. बाईंनी घट्ट झालेली काच महाप्रयासाने खाली केली.

"ऐक आता," त्या त्याला म्हणाल्या. "मी आणखी काही वर्षं चालवणार. कधीतरी डोळ्यांना कमी दिसेल, पाय लवकर उचलणार नाही. ते मला तुझ्याआधी कळेल आणि त्या दिवशी मीच फोन करीन. तोवर तू विचारायचं नाहीस. खोलीत कोणी भाडेकरू ठेव."

 पुतण्याने जवळ जाऊन ते नवं दार हाताने चाचपलं. "पावसात पाणी येतंय काय हो हितनं?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "येणार, असं सांगितलंय." "मग एक रेनकोट आणून देतो," तो म्हणाला, आणि आत जेवायला गेला. त्याने पुन्हा कधीच विषय काढला नाही. खोलीत भाडेकरूही ठेवला नाही.

त्या पावसाळ्यात बाई रेनकोट घालून गाडी चालवताना दिसायच्या. पुढे पोस्टमास्तर गेले. त्यांच्या जागी इतर कोणी आले, तेही गेले. माझं लग्न झालं. बायकोला बाईंनी पहिल्याच दिवशी पायरीवर बसवून माझे दोष सांगितले. चार-पाच वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी त्या जिना चढून वर आल्या. एरवी त्या खालूनच हाक मारत. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काल उजवीकडून सायकलवाला आला तो मला दिसलाच नाही. लागलं नाही त्याला. पण दिसला नाही." मग म्हणाल्या, "गारगोटीला फोन केला आत्ता."

गाडी विकत घ्यायला आलेल्यांपैकी पहिले दोघे बाईंचं गाडीविषयीचं बोलणं ऐकूनच निघून गेले. तिसरा एक शिक्षक होता, तो शेवटपर्यंत ऐकत बसला आणि घेऊन गेला. बाईंनी फाटकात उभं राहून गाडी वळेपर्यंत पाहिली आणि आत येऊन चहा टाकला.

गारगोटीला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना भाजी आणायची होती. मी म्हटलं, मी आणतो. "नको, मी येते," त्या म्हणाल्या. आम्ही पिशवी घेऊन चालत निघालो. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की मोठा रस्ता लागतो. एवढी वर्षं मी बाईंना तो रस्ता पायी ओलांडताना कधी पाहिलं नव्हतं. कडेला आल्यावर त्या थांबल्या. दोन्ही बाजूंना पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग काही न बोलता त्यांनी माझा दंड धरला, घट्ट, आणि आम्ही निघालो.

मध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "इंजिनिअर, चालताना हा रस्ता केवढा रुंद वाटतो हो."

 मी पावलं आणखी लहान टाकत राहिलो.